जिवंत देखाव्यासाठी कागदी शिरस्त्राणं आणि ढाली: पावसाळी हवेत आकार टिकत नाही

खाडीकाठ, ऐरोली

नमस्कार मंडळी. सोसायटीच्या गणपतीत यंदा पावनखिंडीचा जिवंत देखावा आहे. खिंडीवर चालून येणारे सहा आदिलशाही सैनिक, प्रत्येकाला शिरस्त्राण, छातीचं कवच आणि ढाल हवी. पाच दिवस, रोज संध्याकाळी तीन वेळा देखावा. थर्माकोल वापरायचा नाही हे ठरलंय. हातात पाच आठवडे आहेत.

नमुन्याला एक शिरस्त्राण केलं. नेटवरून घेतलेलं पेपाकुरा मॉडेल (पेपाकुरा म्हणजे त्रिमितीय आकार उलगडून कापायचे-जोडायचे सपाट तुकडे देणारं सॉफ्टवेअर), 180 जीएसएम कार्डशीट, 14 पानं. त्यातली 11 एका दुकानात छापली, राहिलेली 3 नंतर दुसरीकडे. अर्ध्यापर्यंत फेव्हिकॉल, पुढे वेळ वाचवायला ग्लू गन. मग आतून वर्तमानपत्राच्या पट्ट्या फेव्हिकॉलच्या पाण्यात बुडवून दोन थर, एकाच दिवशी.

झालं असं की मागचा शेवटचा जोड जुळेना, सेंटीमीटरभर फट राहिली. पट्ट्या लावल्यावर कानाजवळच्या बाजू आत बसल्या. डोक्यात जातही नाही. चार दिवस झाले तरी बोट दाबलं की खड्डा पडतो, आणि आतून कुबट वास येतो.

वन बीएचके आहे, घरात लहान मूल आहे, त्यामुळे कागद टणक करायला रेझिन लावण्याचा उद्योग शक्य नाही. कुठे चुकतंय?

---

घडीमोड

फटीची कारणं तुमच्या तपशिलातच आहेत.

दोन दुकानं म्हणजे दोन सेटिंग. एकाने मूळ मापात छापलं असणार, दुसऱ्याने 'फिट टू पेज' तसंच ठेवलं असणार. त्यात पान चार-पाच टक्के आक्रसतं, म्हणजे 12 सेमीची कड साडेअकरावर येते. सगळीच पानं सारखी आक्रसली तर शिरस्त्राण नुसतं लहान होतं. तीनच आक्रसली तर ती कुठेच बसत नाहीत. यावर उपाय सोपा: प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात बरोबर 10 सेमीची रेघ टाकून पीडीएफ करा आणि काउंटरवर उभ्या उभ्याच पट्टी लावून बघा. 9.6 भरली तर ते पान घेऊ नका.

दुसरी भानगड ग्लू गनची. गरम गोंद कितीही दाबला तरी कड कडेला भिडू देत नाही, अर्धा मिलिमीटर तरी राहतोच. एका फेऱ्यात वीस जोड धरले तर झाला सेंटीमीटर. ग्लू गन पट्टे आणि आतल्या आधारांसाठी ठेवा. कागदाच्या जोडाला फेव्हिकॉलच, तोही टूथपिकने, पातळ, फक्त कानावर (तुकड्याच्या कडेला चिकटवण्यासाठी ठेवलेल्या जादा पट्टीला, म्हणजे टॅबला, आम्ही कान म्हणतो). गोंद कडेतून बाहेर आला तर तो जास्त झाला. वीस-तीस सेकंद चिमटीत धरायचं आणि पुढे जायचं.

कागद 180 ऐवजी 250 जीएसएम घ्या. घरचे बरेच प्रिंटर एवढा जाड कागद ओढत नाहीत, झेरॉक्सवाल्याच्या लेझर मशिनला मॅन्युअल ट्रेमधून जातो. लेझरचा आणखी एक फायदा म्हणजे फेव्हिकॉलच्या ओलाव्याने शाई पसरत नाही. इंकजेटची पसरते आणि कानावरचे आकडे वाचता येईनासे होतात.

घडी घालण्याआधी प्रत्येक रेघ स्टीलच्या पट्टीच्या आधाराने रिकाम्या बॉलपेनने दाबून घ्या. न दाबता मोडलेली घडी रेघेवर येत नाही, जवळपास कुठेतरी येते, आणि तीच चूक पुढच्या जोडापर्यंत वाहत जाते. तुटक रेघ ती डोंगरघडी (घडी वर उचललेली), रेघ-ठिपका ती दरीघडी (घडी आत दबलेली), तरी पहिला तुकडा पडद्यावरच्या मॉडेलशी ताडून बघा. कापण्याआधी प्रत्येक तुकड्यामागे पेन्सिलने पान आणि तुकडा क्रमांक लिहा. 14 पानांचे तुकडे एकदा मिसळले की संध्याकाळ गेली.

जोडायचा क्रम: माथ्यापासून सुरू, खालच्या उघड्या काठावर शेवट. शेवटच्या कानाच्या मागे बोट पोचलं पाहिजे. तुमचा शेवटचा जोड मागच्या भिंतीत मध्यावर आला असेल, तिथे आतून दाबताच येत नाही.

डोक्याचं माप: माणसाला भिंतीला टेकवून उभं करा, दोन्ही कानांच्या वर एकेक जाड पुस्तक उभं धरा, मधलं अंतर मोजा. मोठ्या माणसाचं साधारण 15-16 सेमी भरतं. दोन्हीकडे दोन-दोन सेमी सोडून आतली रुंदी 19-20 हवी. चेहरा झाकणाऱ्या शिरस्त्राणात मात्र सगळ्यात अरुंद जागा मानेशी असते, माप तिथलं बघायचं. पेपाकुरात जोडून झाल्यावरची उंची मिलिमीटरमध्ये देता येते, बाकी मापं त्या प्रमाणात बदलतात.

---

रंगपट, ठाणे पश्चिम

वरचं सगळं बरोबर. पण सहा जणांसाठी पेपाकुरा हवंय कशाला? 14 पानं गुणिले 6, म्हणजे शेकडो कान. शिवाय नेटवर मिळतात ती बहुतेक युरोपी नाहीतर अंतराळातली शिरस्त्राणं. ती घालून विजापूरचं सैन्य खिंडीत उभं केलंत तर पहिल्याच दिवशी कोणीतरी आजोबा उठून विचारतील.

दख्खनी टोप म्हणजे मुळात अर्धा गोल, वर टोक, पुढे नाकपट्टी, मागे कड्यांची झालर. अर्धा गोल आकाशकंदिलासारखा पाकळ्यांनी होतो. डोक्याचा घेर 57 सेमी असेल तर टोपाचा घेर 64 धरा. पाकळ्या आठ. पाकळीची तळाची रुंदी घेराचा आठवा भाग, म्हणजे 8 सेमी. उंची घेराचा चौथा भाग, 16 सेमी. मधली मापं अशी: तळापासून 4 सेमीवर रुंदी 7.4, 8 सेमीवर 5.7, 12 सेमीवर 3.1 आणि 16 ला टोक. मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना अर्धी-अर्धी टिंबं देऊन गोलाईने जोडा. सरळ रेषांनी जोडलीत तर टोप न होता तंबू होतो.

घेर बदलला तर रुंदी तळाच्या 92, 71 आणि 38 टक्के. हे एवढंच लक्षात ठेवायचं, उरलेलं पट्टी करते.

या पाकळ्यांना कान ठेवू नका. वक्र कडेवरचा कान दर सेंटीमीटरला कापावा लागतो आणि बाहेरून उठून दिसतो. दोन पाकळ्या कडेला कड भिडवून बाहेरून मास्किंग टेप, आतून दीड सेमी रुंद साध्या कागदाची पट्टी फेव्हिकॉलने. पट्टी वाळली की टेप काढा. आधी दोन-दोन जोडून चार जोड्या, मग दोन अर्धे टोप, मग एक. माथ्यावर आठ टोकं एकत्र येऊन चोथा होतो, म्हणून प्रत्येक पाकळीचं शेवटचं अर्धा सेमी छाटा आणि वर 3 सेमीची चकती बसवा. तिच्यावर कागदाच्या सुरळीचं टोक.

खाली 5 सेमी उंचीचा सरळ पट्टा लागतो, नाहीतर टोप टाळूवर वाटीसारखा बसतो. पट्टा 65.5 सेमी लांब कापा, दीड सेमी एकावर एक. 22 बाय 28 इंची कार्डशीट म्हणजे 56 बाय 71 सेमी, तीत तो अखंड निघतो. ए4 मध्ये निघत नाही.

सगळं दोन थरांत करा. दुसऱ्या थराच्या पाकळ्या अर्धी पाकळी सरकवून, म्हणजे जोडावर जोड येणार नाही. एका मोठ्या शीटमध्ये सहाच्या चार ओळी, 24 पाकळ्या. सहा टोपांना 96 लागतात, म्हणजे चार शीट. पट्ट्यांना दोन.

छातीच्या कवचाला 'चार-आईना' करा. मूळ फारसी शब्द, चार आरसे. छाती, पाठ आणि दोन बगला अशा चार पाट्या, चिलखतावरून पट्ट्यांनी बांधलेल्या. मुघलांकडे होता, दख्खनेतही होता, आणि कागदात करायला याच्याइतकं सोपं काही नाही. छाती-पाठीच्या पाट्या 30 बाय 24, बगलेच्या 22 बाय 16, वर काखेसाठी अर्धचंद्र कापलेल्या. कार्डशीटचे तीन थर फेव्हिकॉलने एकावर एक, आणि ओले असतानाच 20 लिटरच्या पाण्याच्या जारवर (आधी प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून) कापडी पट्ट्यांनी घट्ट बांधून ठेवा. 24 तासांनी सोडलं की पाटी थोडी उघडते आणि छातीच्या गोलाईला येते. सपाट वाळवून मग वाकवाल तर थर सुटतील, नाहीतर चुण्या पडतील.

ढाल: 24 सेमी त्रिज्येचं वर्तुळ, त्यातून 30 अंशांची फोड काढा (काठावर 12.6 सेमी), कडा जुळवा. 44 सेमी व्यासाची आणि साडेनऊ सेमी खोल ढाल मिळते. असे दोन शंकू एकात एक, जोड समोरासमोरच्या बाजूंना. वर चार फुलं. टेबल टेनिसचा 40 मिमीचा चेंडू अर्धा कापला की दोन फुलं झाली. खऱ्या ढालीत ही फुलं नुसती शोभेची नसतात, आतल्या मुठीच्या कड्यांचे खिळे त्यांच्याखाली असतात. तुम्हीही मुठीच्या नाड्या फुलांच्या जागीच भोकं पाडून बाहेर काढा, बाहेर गाठ मारा आणि गाठीवर फूल चिकटवा. आतून नुसती चिकटवलेली मूठ पहिल्या वाराला हातात येते.

आणि मावळ्यांना चिलखतं चढवू नका. बंदी, मुंडासं, ढाल-तलवार पुरे. दोन्ही सैन्यं लांबून वेगळी ओळखू येतील ती त्यामुळेच.

---

खाडीकाठ

घेर मोजले: 54, 55, 57, 57, 58, 59. सहा वेगळे साचे करायचे का? आणि डोकं काही गोल नसतं, टोप गोल झाला तर कानाशी डुगडुगणार नाही का?

---

रंगपट

दोन साचे पुरे. 54 ते 57 ला 64 चा टोप, 58 आणि 59 ला 66 चा (पाकळी 8.25 बाय 16.5). डोकं पुढून मागे साडेएकोणीस, कानापासून कानापर्यंत साडेपंधरा असतं. 64 घेराचा गोल टोप आतून वीस-साडेवीसचा. पुढे-मागे नीट बसतो, बाजूंना प्रत्येकी दोन-अडीच सेमी मोकळे राहतात. तिथेच फोमच्या गाद्या लावायच्या. 54 वाल्याला कपाळाशीही एक पातळ गादी द्या.

---

चपडा_लाख

आता मऊ पडण्याचं बघू. खाडीच्या कडेला, श्रावणात, फेव्हिकॉल आणि पाण्यात भिजवलेला जाड थर चार दिवसांत वाळत नाही. वरून वाळल्यासारखा दिसतो आणि आतलं पाणी अडकतं. वास त्याचाच, बुरशीची सुरुवात आहे. तो नमुना सोडून द्या.

बाजू आत का बसल्या? कागद ओला झाला की फुगतो, वाळताना आखडतो, आणि आतल्या बाजूने लावलेला थर आखडताना भिंतीला आत ओढतो. 180 च्या एकेरी कागदात ते सोसायची ताकद नसते. म्हणून पाणी लागण्याआधी कागद बंद करायचा.

त्यासाठी चपडा लाख. हार्डवेअरच्या दुकानात पॉलिशवाल्यांसाठी मिळते, सोबत पॉलिशचं स्पिरिट. 50 ग्रॅम लाख 250 मिली स्पिरिटमध्ये काचेच्या बरणीत रात्रभर, मधूनमधून हलवून, सकाळी कापडातून गाळून. स्पिरिटमध्ये पाणी नगण्य, त्यामुळे कागद फुगत नाही. लाख तंतूंत शिरते आणि वाळल्यावर टिचकी मारली तर टणक आवाज येतो. आतून दोन हात, बाहेरून दोन हात, प्रत्येक हातात तासाभराचं अंतर, दमट दिवशी दोन तास. हवा फारच ओली असली तर वर पांढरट धुरकट थर येतो, रंगाखाली जाणार असल्याने त्याची चिंता नको. 250 मिलीत दोन टोप होतात.

स्पिरिट पेट घेतं आणि पोटात गेलं तर विषारी. गॅस, देवाजवळचा दिवा, उदबत्ती यांपासून लांब, खिडक्या उघड्या, हातमोजे घालून, मूल दुसऱ्या खोलीत. किंवा सरळ गच्चीच्या जिन्यात करा.

लाख लावण्याआधी आतून आडव्या काड्या लावायच्या, हे विसरू नका. कानापासून कानापर्यंत एक, कपाळापासून मागे एक, ग्लू गनने. आइस्क्रीमच्या काड्या जोडून चालतात. शेवटचा थर पूर्ण वाळेपर्यंत काढायच्या नाहीत.

मग ताकदीसाठी वर्तमानपत्रापेक्षा मांजरपाट. 3 सेमीच्या पट्ट्या, फेव्हिकॉल तीन भाग पाणी एक भाग, पट्टी बुडवून दोन बोटांत ओढून निथळायची. ठिबकत असेल तर लावू नका. एक थर उभा, पूर्ण वाळू द्या, मग एक आडवा. पावसात प्रत्येकाला 24 तास धरा. पंख्याखाली ठेवा, घरात एसी असेल तर ड्राय मोडवर रात्रभर. हेअर ड्रायर एकाच जागी धरलात तर तेवढाच भाग आखडतो आणि टोप वाकडा होतो.

खळ वापरू नका. मैद्याची खळ कंदिलाला ठीक, इथे झुरळं आणि बुरशी दोन्हींचं जेवण. बाइंडिंगवाले खळीत मोरचूद टाकतात ते खरं, पण तो विषारी आहे आणि टोप घामेजल्या कपाळाला लागणार आहे.

---

फोमवाला

एवढा खटाटोप कशाला? 6 मिमी ईव्हीए फोम घ्या, याच पाकळ्या फोमवर कापा, एसआर 998 गोंद लावा, एका दिवसात सहा टोप. पाण्याला भीक घालत नाही.

---

चपडा_लाख

फोम चांगलाच आहे, पण मापं तीच चालत नाहीत. 6 मिमी जाडी आत येते, म्हणजे घेर जवळजवळ पावणेचार सेमी वाढवावा लागतो. कडा तिरक्या कापाव्या लागतात, नाहीतर बाहेर फट दिसते, आणि तिरका काप नवख्या हाताला पहिल्या दिवशी जमत नाही. त्या गोंदाचा वासही वन बीएचकेत सोसवणारा नाही. ढालीला मात्र फोम लवचिक पडतो, वार बसला की लचकतो आणि बघणाऱ्यांना कळतं.

रेझिनबद्दल दोन ओळी, कारण कोणीतरी सुचवणारच. फायबरवाल्याकडे पॉलिएस्टर रेझिन, हार्डनर आणि कोबाल्ट अशा तीन बाटल्या मिळतात. हार्डनर आणि कोबाल्ट एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत, भडका उडू शकतो. वाफेला कापडी मास्क किंवा एन95 उपयोगाचा नाही. फ्लॅटमध्ये नकोच, मूल असो वा नसो.

---

घडीमोड

आणि घाई झाली म्हणून जोडाला फेव्हिक्विक लावणाऱ्यांसाठी: सुती कापडावर किंवा मांजरपाटावर सांडलं तर ते तापतं, चटका बसेल इतकं. कागदात मुरलं की तो भाग काचेसारखा ठिसूळ होतो आणि नेमका घडीवर तडकतो.

---

खाडीकाठ

एका टोपाला लाख लावली. टिचकीचा आवाज खरंच बदलला, भोपळ्यासारखा वाजतो. आता रंग आणि झालर कशी करायची? पट्टे सुटणार नाहीत यासाठी काय?

---

रंगपट

आधी काठ. टोपाच्या आणि ढालीच्या काठाला सुतळी फेव्हिकॉलने चिकटवा, वरून एक कागदी पट्टी. पत्र्याची कड वळवल्यासारखी दिसते, आणि थर सुटायला सुरुवात काठापासून होते ती थांबते. जोडांवर लांबी (पुट्टी) भरा, गाडीची नको, भिंतीची ॲक्रिलिक. पातळ दोन हात, मध्ये 220 चा पॉलिश पेपर, शेवटी 400. पूर्ण गुळगुळीत करत बसू नका, दहा फुटांवरून बघायचंय. खिळ्यांना हरभऱ्याच्या डाळीचे दाणे, सपाट बाजू खाली, वरून लाखेचा एक हात, म्हणजे भुंगा लागत नाही.

रंगाचा क्रम: प्रायमर, पूर्ण काळा, मग चंदेरी. ब्रशवर थोडासाच घ्यायचा, कागदावर पुसून जवळजवळ कोरडा करायचा आणि उंचवट्यांवरून फिरवायचा. खोलगट जागा काळ्याच राहू द्या. सरसकट चंदेरी फासलं की हॅलोजनखाली स्टीलच्या डब्यासारखं दिसतं.

झालरीला जाड सुती दोऱ्याची क्रोशाची सैल वीण, त्यावर काळा आणि चंदेरी. सोसायटीत क्रोशा येणाऱ्या काकू असतील तर एक झालर दोन संध्याकाळी होते. पट्ट्याच्या आत शिवायची, चिकटवायची नाही. दाभणाने दर 2 सेमीला भोक.

चार-आईन्याचे पट्टे पाटीच्या काठापासून 2 सेमी आत चीर पाडून ओवा. चिरेच्या मागे मांजरपाटाचा 5 सेमी चौकोन आधीच चिकटवलेला हवा, नाहीतर पट्टा पाटी फाडत काठापर्यंत येतो. खांद्यावर बकल, बगलेला वेल्क्रो, कारण दोन देखाव्यांच्या मध्ये पाणी प्यायला कवच उतरवावं लागतं.

आत कपाळपट्टीला टेरीकॉटची पट्टी वेल्क्रोने लावा, रोज काढून धुता येईल. घाम थेट कागदाला लागला तर लाख असूनही तिसऱ्या दिवशी तिथेच मऊ पडतं.

---

चपडा_लाख

रात्री सामान मांडवात ठेवू नका. ताडपत्री गळत नसली तरी हवा ओलीच. घरात, जमिनीला न टेकवता, टोप उलटे वाटीवर ठेवून. वाशीच्या फळबाजारातली मोठी खोकी मिळाली तर एका खोक्यात दोन टोप, आत वर्तमानपत्राचे गोळे, ते रोज बदला.

---

खाडीकाठ

ढालीची फोड कापताना 30 ऐवजी 20 अंश केली तर उथळ होईल, तेवढी चालेल का? मुलं धावताना खोल ढाल कोपराला लागतेय.

---

रंगपट

20 अंशांना खोली साधारण 8 सेमी आणि व्यास 45 होतो. चालेल. पण मग दोनाऐवजी तीन थर करा, उथळ शंकू मध्यावर लवकर दबतो. कोपराचं कारण बहुधा मूठ आहे. दोन नाड्यांमध्ये 9 सेमी अंतर ठेवा आणि मध्ये फोमची गादी लावा, ढाल मनगटापासून लांब राहील.